नानजिंग : हवामान शिकवणारं विद्यापीठ

उपग्रह वरून फोटो पाठवतो, महासंगणक आकडेमोड करतो आणि वेधशाळेतला अधिकारी ते पाहून 'उद्या पाऊस' म्हणून सांगतो. मग यात शिकायचं तरी काय असतं, असं अनेक वाचक विचारतात. शिकायचंच असेल तर एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात चार खोल्या पुरतील की!

चीनमधल्या नानजिंग शहरात मात्र हवामानशास्त्र या एका विषयासाठी आख्खी संस्था उभी राहिली आणि वाढत वाढत तिचं विद्यापीठ झालं. त्याचं पूर्ण नाव नानजिंग माहितीविज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ. इंग्रजी आद्याक्षरं जोडून जगभर त्याला 'न्यूइस्ट' म्हणतात. अमेरिका, ब्रिटन, जपान, कोरिया या देशांतल्या शास्त्रज्ञांशी त्याचं येणं-जाणं आहे आणि आफ्रिकेतल्या, आशियातल्या कितीतरी देशांचे हवामान अधिकारी तिथे शिकून जातात. ही देवाणघेवाण या शास्त्राच्या पोटातूनच कशी निघते, ते या प्रकरणात पाहू.

१. पाऊस अडून बसतो तेव्हा

नानजिंग यांगत्से नदीच्या काठी आहे. दर वर्षी जूनच्या मध्यापासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत या नदीच्या खोऱ्यावर पावसाचा एक लांबलचक पट्टा पसरतो. पूर्वेला तो थेट दक्षिण जपानपर्यंत जातो. चीनमध्ये त्याला 'मेइयू' म्हणतात, म्हणजे आलुबुखार पिकण्याच्या दिवसांतला पाऊस. आपल्याकडे मोसमी पाऊस लाटांनी येतो, मध्ये उघडीप देतो. मेइयूचा पट्टा एकाच भागावर अडून बसतो. दक्षिणेची दमट, उष्ण हवा आणि उत्तरेची थंड हवा तिथे समोरासमोर येतात आणि दोन्हींपैकी कोणीच मागे हटत नाही. पट्टा दोनशे-तीनशे किलोमीटर उत्तरेला सरकला तर नानजिंग कोरडं आणि पुढचा प्रांत पाण्यात. १९९८ मध्ये यांगत्सेला आलेला महापूर चीनमधल्या मधल्या पिढीला अजून आठवतो. २०२० मध्येही हा पट्टा नेहमीपेक्षा कितीतरी अधिक दिवस ठाण मांडून बसला होता.

यांगत्सेच्या बाहेरही असे प्रसंग येतात. २० जुलै २०२१ रोजी हेनान प्रांतातल्या चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि त्या दिवसाने मुंबईचं काय केलं, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातला पाचवा हिस्सा एका तासात कोसळला, तर शहराच्या भुयारी रेल्वेत काय होईल, याची कल्पना करता येईल. चंगचौमध्ये पाणी खरोखरच बोगद्यांत शिरलं आणि लोक डब्यांत अडकून मेले.

अशा दिवशी 'पाऊस पडणार' एवढं सांगून भागत नाही. किती, कुठे, किती वाजता आणि त्यामुळे नदी किती चढेल, हे सांगावं लागतं. त्यासाठी रडारचं चित्र वाचणारा माणूस लागतो, ढगातले थेंब कसे वाढतात ते जाणणारा लागतो आणि गणिती समीकरणं संगणकाला समजतील अशी लिहिणाराही लागतो. पिकांचा सल्ला देणारा वेगळा, विमानतळावर धुकं आणि वाऱ्याचे झटके पाहणारा वेगळा. विजेपासून इमारती कशा वाचवायच्या, हासुद्धा न्यूइस्टमध्ये पदवीचा विषय आहे. चार खोल्या का पुरत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

२. वारा किती लांबून येतो

उरलेलं अर्धं उत्तर एका सोप्या गणितात आहे.

समजा, नानजिंगवर येणारी हवा ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकते आहे. चोवीस तासांत ती ९६० किलोमीटर चालेल. म्हणजे उद्याचा अंदाज हवा असेल, तर आज हजार किलोमीटर दूर काय चाललं आहे ते कळायला हवं. पाच दिवसांनंतरचा अंदाज हवा असेल, तर ४,८०० किलोमीटर दूरचं कळायला हवं. नानजिंगपासून पुणे सरळ रेषेत सुमारे ४,७०० किलोमीटरवर आहे.

खरी हवा अशी सरळ रेषेत चालत नाही. जमिनीलगत तिचा वेग वेगळा, दहा किलोमीटर उंचीवर वेगळा. तरी हिशेबाचा सांगावा पक्का आहे : आठवड्याभराचा अंदाज हवा असेल, तर कोणत्याही देशाला स्वतःच्या हद्दीतली निरीक्षणं पुरत नाहीत. चीन एवढा विशाल, पण त्यालाही पुरत नाहीत.

म्हणूनच जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या एकाच वेळी फुगे सोडतात. फुग्याला लहानशी पेटी बांधलेली असते. वर चढता चढता ती तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओने खाली कळवत राहते. फुगा कुठे वाहत चालला आहे, त्यावरून वाऱ्याचाही अंदाज लागतो. मुंबईत पहाटे साडेपाचचा वेध घेतात तेव्हा नानजिंगच्या घड्याळात सकाळचे आठ वाजलेले असतात आणि तोच वेध तिथेही चाललेला असतो. या दोन्ही ठिकाणचे आकडे जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यातून सगळ्या देशांत फिरतात. ही संघटना १९५० मध्ये सुरू झाली. तिची आधीची आंतरराष्ट्रीय संस्था तर १८७३ पासूनची आहे. सीमेवर बंदुका रोखलेल्या देशांचेही हवामानाचे आकडे एकमेकांकडे जातात, आणि याला दीडशे वर्षांची परंपरा आहे.

आपल्या आणि नानजिंगच्या पावसाचं नातं आणखी जवळचं आहे. केरळात मोसमी पाऊस साधारण १ जूनला दाखल होतो. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी यांगत्सेच्या खोऱ्यात मेइयू सुरू होण्याकडे कल असतो, असं चिनी संशोधकांना जुन्या नोंदी चाळताना आढळलं. अरबी समुद्रावरून आलेले नैर्ऋत्येचे वारे भारत ओलांडून बंगालच्या उपसागरावर जातात, तिथे पुन्हा बाष्प घेतात आणि इंडोचायनावरून पुढे पूर्व चीनकडे वळतात. मेइयूला बाष्प पुरवणाऱ्या वाटांपैकी ही एक महत्त्वाची वाट आहे. दक्षिण चिनी समुद्र आणि पश्चिम प्रशांत महासागरही त्यात भर घालतात. आपला पाऊस कसा चालला आहे, याकडे नानजिंगच्या अभ्यासकांचं लक्ष असतं, ते यामुळे.

३. शिमला, लंडन, नानजिंग

या नात्याची एक गोष्ट शंभर वर्षांपूर्वी सुरू होते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

१८९९ मध्ये भारतात पाऊस सपशेल दगा देऊन गेला आणि पुढचं वर्ष दुष्काळाचं गेलं. हवामान खात्याचा अंदाज साफ चुकला होता. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर आले. ते केंब्रिजचे गणिती. हवामानाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पावसामागचं कारण समीकरणांतून काढणं त्या काळी अशक्य होतं, म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. जगभरातल्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी गोळा करायच्या आणि कशाचा चढ कशाच्या उताराशी जुळतो, ते तपासायचं. याला सहसंबंध म्हणतात.

सहसंबंध म्हणजे काय, ते छोट्या उदाहरणाने पाहू. समजा, दहा वर्षांच्या नोंदी आहेत. दूरच्या एका बेटावर वसंतात हवेचा दाब सरासरीपेक्षा जास्त होता अशी पाच वर्षं. त्यांतल्या चार वर्षांत भारतात पाऊस चांगला झाला. दाब कमी होता अशी पाच वर्षं. त्यांतल्या चार वर्षांत पाऊस कमी झाला. दहापैकी आठ वेळा दोन्ही गोष्टी जोडीने चालल्या. हा सहसंबंध चांगला. पाचच वेळा चालल्या असत्या, तर तो नाणेफेकीइतकाच निरुपयोगी ठरला असता. वॉकर यांनी असे शेकडो सहसंबंध काढले, तेही संगणकाशिवाय. खात्यातल्या भारतीय कारकुनांनी ही आकडेमोड हाताने केली.

त्यातून एक विलक्षण गोष्ट हाती आली. प्रशांत महासागरावर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही घडतं. या हेलकाव्याला वॉकर यांनी दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. आज आपण दर उन्हाळ्यात ज्या एल निनोच्या बातम्या वाचतो, त्याच्या शोधाची ही पहिली पायरी.

वॉकर यांच्या काळात खात्याचं मुख्यालय शिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आलं. शिवाजीनगरमधल्या त्याच्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात. त्याच १९२८ मध्ये नानजिंगला बेइजीगे टेकडीवर चीनची राष्ट्रीय हवामान संशोधन संस्था सुरू झाली. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेले चू कचेन तिचे प्रमुख होते. मिंग राजवटीत याच टेकडीवर आकाशाचे वेध घेत असत.

वॉकर १९२४ मध्ये निवृत्त होऊन लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे तू छांगवांग नावाचा चिनी तरुण शिकायला आला. भारताच्या पावसासाठी तयार झालेली ही पद्धत तो शिकला आणि चीनला परतून चू कचेन यांच्या संस्थेत रुजू झाला. दक्षिणी आंदोलन आणि चीनचा पाऊस यांचा संबंध त्याने तपासला आणि १९३७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युद्ध पेटलं. नानजिंग जपानी फौजांच्या हाती गेलं आणि संस्थेला आपलं बिऱ्हाड पश्चिमेला हलवावं लागलं.

वॉकर यांचे सगळे सहसंबंध टिकले नाहीत. काही पुढच्या वर्षांत पार पुसट झाले, कारण दोन गोष्टी जोडीने चालतात म्हणून एक दुसरीला घडवते असं होत नाही. तरी प्रश्न विचारण्याची रीत टिकली. आपल्या शेतातला पाऊस समजून घ्यायला दुसऱ्या गोलार्धातल्या समुद्राकडे पाहावं लागतं, हा धडा शिमल्याहून लंडनमार्गे नानजिंगला पोचला.

४. शाळा उभी राहते

१९४९ मध्ये नवं चीन सरकार आलं तेव्हा एवढ्या मोठ्या देशात हवामान केंद्रं होती शंभराच्या आसपास. नव्या केंद्रीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख झाले तेच तू छांगवांग. केंद्रं भराभर उघडायची होती, पण तिथे बसवायला माणसं नव्हती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६० मध्ये, नानजिंग विद्यापीठाचं हवामान महाविद्यालय म्हणून ही संस्था सुरू झाली आणि १९६३ मध्ये नानजिंग हवामान संस्था या नावाने स्वतंत्र झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमधल्या सगळ्याच उच्च शिक्षणाची घडी विस्कटली. प्रवेशपरीक्षा परत सुरू व्हायला १९७७ उजाडलं. १९७८ मध्ये या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांच्या यादीत जागा मिळाली.

२००० पर्यंत ती हवामान विभागाच्या ताब्यात होती. मग ती जिआंगसू प्रांताकडे गेली आणि २००४ मध्ये आजचं नाव मिळालं. नावातून हवामान गेलं ते मुद्दाम. संगणक, उपग्रह, संवेदक हे विषय वाढले होते आणि फक्त वेधशाळेच्या नोकरीसाठी येणाऱ्या मुलांवर मोठं विद्यापीठ चालत नाही. तरी ओळख हवामानाचीच राहिली. २०१७ मध्ये चीनने जागतिक दर्जाला न्यायच्या विषयांची यादी केली, तेव्हा या विद्यापीठाचा वातावरणविज्ञान हाच विषय तिच्यात निवडला गेला.

५. वर्गात कोण बसतं

१९७२ मध्ये जागतिक हवामान संघटनेत चीनची जागा बीजिंगच्या सरकारला मिळाली. १९८७ ते १९९५ या काळात संघटनेचे अध्यक्ष चीनचे झोउ जिंगमंग होते. याच काळात, १९९३ मध्ये, संघटनेने नानजिंगच्या या संस्थेला आपलं प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता दिली.

अशी केंद्रं जगात अनेक आहेत. भारतातल्या केंद्राचं काम पुण्यात हवामान खात्याच्या प्रशिक्षण संस्थेतही चालतं. कल्पना साधी आहे. लहान देशाला स्वतःचं हवामान महाविद्यालय परवडत नाही. त्याच्या हवामान खात्यात चाळीस माणसं असतील, त्यांतली पाच दर दोन-तीन वर्षांनी निवृत्त होतील. एवढ्यांसाठी कोण अभ्यासक्रम काढणार? मग ती पाच माणसं केंद्रात पाठवायची.

नानजिंगच्या केंद्रात आजवर शंभराहून अधिक देशांचे लोक शिकून गेले. काही तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला येतात, काही शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर पदवी घेऊन जातात. उपग्रहाच्या चित्रावरून वादळाची ताकद कशी ओळखायची, दुष्काळाची चाहूल कशी घ्यायची, संगणकी अंदाजात आपल्या देशापुरती दुरुस्ती कशी करायची, हे विषय असतात. चीनला यातून काय मिळतं, हेही स्पष्ट आहे. इथे शिकलेला अधिकारी मायदेशी परतल्यावर चीनच्या फंगयुन उपग्रहांची चित्रं सराईतपणे वापरतो, कारण त्याचा हात त्यांवरच बसलेला असतो. राष्ट्राचा प्रभाव वाढवण्याची ही पद्धत आहे. तिच्यातून एखाद्या बेटावरच्या मच्छिमारांना वादळाचा इशारा वेळेवर मिळत असेल, तर मला ती चांगली वाटते.

ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठाबरोबरची संयुक्त अकादमी हा वेगळा प्रकार. तिथले विद्यार्थी दोन्ही विद्यापीठांनी मिळून आखलेला अभ्यासक्रम शिकतात. रेडिंगचा हवामानशास्त्र विभाग ब्रिटनमधला नावाजलेला आणि युरोपातल्या देशांनी १९७५ मध्ये एकत्र येऊन काढलेलं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्रही त्याच गावात आहे. जगातल्या सर्वांत भरवशाच्या अंदाजांत या केंद्राची गणना होते. विद्यार्थ्याने रेडिंगला का जावं, याला एवढं कारण पुरेसं आहे.

६. ताइहूवरचे मनोरे

नानजिंगच्या आग्नेयेला ताइहू नावाचं विस्तीर्ण सरोवर आहे. क्षेत्रफळ २,३०० चौरस किलोमीटरच्या वर. खोली मात्र सरासरी दोन मीटरही नाही. २००७ च्या उन्हाळ्यात त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा असा थर माजला, की काठावरच्या वूशी शहरात नळाला दुर्गंधीचं पाणी येऊ लागलं. लाखो लोकांना बाटलीच्या पाण्यावर दिवस काढावे लागले.

अशा उथळ, विशाल पाण्याचं आणि वरच्या हवेचं देणंघेणं नेमकं किती? किती पाणी वाफ होऊन वर जातं, किती उष्णता, किती मिथेन? हे मोजण्यासाठी न्यूइस्टने अमेरिकेच्या येल विद्यापीठाबरोबर वातावरणाच्या अभ्यासाचं संयुक्त केंद्र काढलं. येलचे प्राध्यापक शुहुई ली त्याचे सूत्रधार. २०१० पासून त्यांनी सरोवरात जागोजागी मापनाचे मनोरे उभारले. एक शेवाळाने भरलेल्या मेइलिआंग खाडीत, एक पाणवनस्पतींच्या भागात, एक थेट सरोवराच्या मध्यात.

मनोऱ्यावर पाण्यापासून काही मीटर उंचीवर दोन यंत्रं शेजारी शेजारी असतात. एक ध्वनिलहरींच्या साहाय्याने वारा मोजतं. आडवा तर मोजतंच, पण वर जाणारा आणि खाली येणाराही मोजतं. दुसरं त्याच क्षणी हवेत बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड किती आहे ते मोजतं. दोन्ही सेकंदाला दहा वेळा.

यातून वाफ कशी कळते? पाण्यावरची हवा सतत गोते खात असते. समजा, हवेचा एक घनमीटरचा गोळा वर गेला आणि त्यात १२ ग्रॅम बाष्प होतं. त्याची जागा घ्यायला तेवढाच गोळा वरून खाली आला, त्यात १० ग्रॅम होतं. हिशेबात २ ग्रॅम पाणी सरोवरातून निघून वर गेलं. असे हजारो गोळे अर्धा तास मोजायचे, वरचे-खालचे वजा करायचे आणि सरासरी काढायची. अर्ध्या तासाला अठरा हजार नोंदी होतात. मनोऱ्यावर कोळी जाळं विणतो, पक्षी बसतो, दव पडतं आणि त्या वेळच्या नोंदी गाळून टाकाव्या लागतात.

एवढ्या बारकाव्याची गरज काय? समजा, एखाद्या दिवशी ताइहूवरून ३ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली. करंगळीहून कितीतरी कमी जाडीचा थर. २,३०० चौरस किलोमीटरवर तो पसरला की होतात ६९ लाख घनमीटर, म्हणजे जवळपास ७०० कोटी लिटर, एका दिवसात. अंदाजात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी शंभर कोटी लिटरहून अधिक पाणी हिशेबातून निसटतं. ते बाष्प वरच्या ढगात असतं आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो.

उजनी किंवा जायकवाडीसारखे उथळ, पसरट जलाशय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे मोजमाप आपल्यासाठी किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

७. एका मॉडेलची जुळणी

आता मॉडेलकडे वळू. हवामानाचं मॉडेल म्हणजे संगणकातली आकड्यांची पृथ्वी. सगळी पृथ्वी चौकोनी खणांत विभागायची, प्रत्येक खणाला तापमान, दाब, वारा, बाष्प यांचे आकडे द्यायचे आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी ते आकडे पुढच्या काही मिनिटांनंतर किती होतील ते काढायचं. मग तेच परत, आणि परत. शंभर वर्षांचं हवामान काढायचं झालं, तर लाखो वेळा.

न्यूइस्टचं स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल आहे. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले मोसमी वाऱ्यांचे अभ्यासक बिन वांग यांच्या पुढाकाराने ते तयार झालं. त्याची तिसरी आवृत्ती उघडून आत काय आहे ते पाहू. वातावरणाचा भाग जर्मनीत, हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेत घडलेला. समुद्राचा भाग युरोपातल्या संस्थांनी मिळून लिहिलेला. समुद्रावरच्या बर्फाचा भाग अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचा. आणि या तिघांत आकड्यांची ने-आण करणारा जोडभाग फ्रान्सचा. नानजिंगच्या लोकांनी हे भाग एकत्र बसवले आणि मोसमी पाऊस, ढग, समुद्र यांचं वागणं खऱ्याच्या जवळ येईपर्यंत त्यांत सुधारणा केल्या. ही जुळणीच अत्यंत अवघड असते. समुद्राच्या भागाने वातावरणाला चुकीची उष्णता दिली, तर शंभर वर्षांत सगळी पृथ्वी हळूहळू तापते किंवा गोठते, आणि चूक कुठल्या भागात आहे ते शोधण्यात महिने जातात.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ पासूनची. तिचंही असं मॉडेल आहे, भारतात घडलेलं या प्रकारचं पहिलं. त्याचाही मूळ सांगाडा अमेरिकेच्या राष्ट्रीय अंदाज केंद्रातून आला आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. नानजिंगचं आणि पुण्याचं अशी दोन्ही मॉडेलं संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालामागच्या जागतिक तुलनेत होती. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, म्हणजे हरितगृह वायू इतके वाढले तर काय होईल, आणि सगळ्यांची उत्तरं सर्वांना पाहायला खुली. पुण्यातला विद्यार्थी नानजिंगच्या मॉडेलने काढलेला शतकाअखेरचा पाऊस आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो, आणि नानजिंगचा विद्यार्थी पुण्याच्या मॉडेलचा.

८. दीड वर्ष आधी

प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यातलं पाणी काही वर्षांनी एकदा नेहमीपेक्षा तापतं. हा एल निनो. अशा वर्षी भारतात पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. खात्री मात्र देता येत नाही. एल निनोचा अंदाज साधारण वर्षभर आधीपर्यंत करता येत होता. त्याच्या पलीकडे मॉडेलं अडखळत.

२०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखक तीन : कोरियातले यू-गन हाम आणि जोंग-ह्वान किम आणि न्यूइस्टचे जिंग-जिआ लुओ. त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला समुद्राचे तापमान-नकाशे दाखवून एल निनो ओळखायला शिकवलं. अडचण अशी, की यंत्राला शिकायला हजारो उदाहरणं लागतात आणि समुद्राच्या विश्वासार्ह नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या. त्यात एल निनो मोजकेच.

यावरचा त्यांचा उपाय दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळेल. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका दहाच हाती असल्या, तर तो आधी बाजारातले सराव प्रश्नसंच सोडवतो. ते खऱ्या पेपरइतके अचूक नसतात, पण हात बसतो. मग शेवटी त्या दहा खऱ्या पत्रिका सोडवून चुका दुरुस्त करतो. या शास्त्रज्ञांनी सराव संच म्हणून वापरली जगातल्या २१ हवामान मॉडेलांनी संगणकात घडवलेली सुमारे ३,००० वर्षं. नंतर यंत्राला १८७१ ते १९७३ च्या खऱ्या नोंदी दाखवल्या. आणि परीक्षा घेतली १९८४ ते २०१७ या काळावर, जो यंत्राने पाहिलेलाच नव्हता. त्या परीक्षेत सतरा महिने आधीपर्यंतचे अंदाज उपयोगी ठरले.

मागच्या भागातली मॉडेलांची खुली देवाणघेवाण इथे कामाला आली. ही २१ मॉडेलं अनेक देशांची होती. एखाद्या देशाने आपलं कुलूपबंद ठेवलं असतं, तर सराव संच तेवढा पातळ झाला असता.

लुओ याआधी जपानमध्ये तोशिओ यामागाता यांच्याबरोबर काम करत होते, आणि यामागाता यांचं नाव आपल्या पावसाशी जोडलेलं आहे. १९९९ मध्ये यामागाता, एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी आणि पी. एन. विनयचंद्रन यांनी हिंदी महासागरातला एक हेलकावा दाखवून दिला. काही वर्षी महासागराचं आफ्रिकेकडचं पाणी तापतं आणि सुमात्राकडचं थंड होतं. काही वर्षी उलट. हा 'इंडियन ओशन डायपोल', म्हणजे बातम्यांतला आयओडी. पश्चिम बाजू तापलेली असेल, तर भारतातल्या पावसाला बहुधा मदत होते. गोस्वामी पुढे पुण्याच्या पाषाणच्या संस्थेचे संचालक झाले. २००६ आणि २००७ मधल्या अशा हेलकाव्यांचा अंदाज लुओ आणि सहकाऱ्यांनी जपानमधून काही महिने आधी करून दाखवला होता. २०१९ मध्ये तर हा हेलकावा फार जोराचा होता. त्या वर्षी भारतात सरासरीपेक्षा दहा टक्के जास्त पाऊस झाला, पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलिया वणव्यांनी होरपळला.

९. कुठे अडतं

हे सगळं सुरळीत चालतं असं समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनच्या राष्ट्रीय सुरक्षा मंत्रालयाने जाहीर केलं, की परदेशांशी जोडलेली शेकडो बेकायदा हवामान मापन केंद्रं देशात सापडली. चिनी भूमीवर हवामान मोजणाऱ्या परदेशी संस्थेला परवानगी लागते आणि तिथली माहिती बाहेर न्यायलाही लागते. वाऱ्याचे, दाबाचे आकडे लष्कराच्या कामाचे असतात, ही भीती सगळ्याच देशांना असते. चीनमध्ये तिची धार जास्त आहे. पाश्चात्त्य देशांतही आता चिनी विद्यापीठांबरोबरच्या करारांची कसून छाननी होते. संयुक्त मनोरा उभारणाऱ्या संशोधकाला याची किंमत रोज मोजावी लागते : एक संवेदक जकातीत अडकतो, एका विद्यार्थ्याचा व्हिसा लांबतो आणि त्या ऋतूच्या नोंदी कायमच्या जातात. गेलेला जून परत मोजता येत नाही.

भारताने हे जवळून अनुभवलं आहे. ब्रह्मपुत्रेला तिबेटमध्ये किती पाणी आलं, याची माहिती पावसाळ्यात चीनने भारताला द्यायची असा दोन देशांतला करार होता. २०१७ मध्ये, डोकलामच्या तणावाच्या वर्षी, ही माहिती आली नाही. केंद्रांची दुरुस्ती चालू आहे असं कारण चीनने दिलं. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मधल्या पावसाळ्यात आसामच्या पूरनियंत्रण अधिकाऱ्यांना वरच्या अंगाचे आकडे नसतानाच काम करावं लागलं.

दोन देशांतल्या करारावर चालणारी माहिती दोन देशांच्या भांडणात थांबते. जागतिक संघटनेच्या जाळ्यावरची माहिती थांबवायची तर एका देशाला सगळ्या जगाशी संबंध तोडावा लागेल, आणि मग त्याच्या स्वतःच्या अंदाजाला पाच दिवसांपलीकडचं दिसणार नाही. न्यूइस्टच्या भागीदाऱ्यांकडे पाहताना मी हाच फरक लक्षात ठेवतो. ज्या एखाद्या विद्यापीठाशी किंवा प्राध्यापकाशी जोडलेल्या आहेत, त्या वाऱ्यावर हलतील. प्रशिक्षण केंद्र, खुली मॉडेलं आणि सकाळच्या आठ वाजताच्या फुग्याचे आकडे जास्त काळ टिकतील, कारण त्यांच्या दुसऱ्या टोकाला सगळं जग आहे.